प्राध्यापकच नाहीत, तर समितीत बसणार कोण?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील लहान महाविद्यालयांत शैक्षणिक निर्णय कसे होतात? कायद्याने शिक्षकांना निर्णयाच्या मेजाभोवती जागा दिली. परंतु पदेच भरली गेली नाहीत, तर ती जागाही रिकामीच राहते. या पेचाचा हा आढावा.

नोव्हेंबर महिन्यात गडचिरोलीत आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात धानाची कापणी ऐन भरात असते. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांचा हंगामही हाच. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचे दिवस येतात, त्यांच्या पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्त्याचे संकलन. आणि उन्हाळी परीक्षाही याच सुमारास. ज्या घरातील मुलगा वा मुलगी पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढली आहे, त्या घराला या दोन्ही हंगामांत त्यांच्या हातांची गरज असते. वर्षभराच्या रोख उत्पन्नाचा मोठा वाटा काही कुटुंबांना या मोजक्या आठवड्यांतच मिळतो. म्हणूनच शैक्षणिक वेळापत्रक कोण ठरवते, हा प्रश्न येथे केवळ कार्यालयीन राहत नाही. मूल वर्गात टिकते की गळते, हे त्यावर काही अंशी अवलंबून असते.

वेळापत्रकाचे जे, तेच अभ्यासक्रमाचे, नव्या विषयांचे आणि शिक्षक नेमणुकांचे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयांत या निर्णयांवर शिक्षकांच्या बैठका होतात, मतभेद होतात, ठराव होतात. मात्र एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा, गोंडपिपरी, पोंभुर्णा अशा तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयात हे निर्णय नेमके कोठे आणि कोणाच्या संमतीने होतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

साचा १८५७ चा

या प्रश्नाचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी आणि महाविद्यालयांनी शिकवावे, अशी ही विभागणी होती. पुढे विद्यापीठांनी अध्यापन विभाग उघडले, संशोधनाची परंपरा उभी केली. परंतु संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत मूळ विभागणी कायम राहिली. शिकवणारा एक आणि काय शिकवायचे हे ठरवणारा दुसरा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे.

अन्यत्र ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने विश्वस्त आणि प्रशासकांच्या संघटनांच्या सहकार्याने १९६६ मध्ये एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती आणि शिक्षकांचा दर्जा यांविषयीची प्राथमिक जबाबदारी शिक्षकवर्गाची आहे, असे त्यात मांडण्यात आले. आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन आयोगाने आणि त्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) महाविद्यालयांच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. १९७८ पासून तामिळनाडूत त्याची सुरुवातही झाली. तथापि देशातील बहुसंख्य महाविद्यालये संलग्नच राहिली आणि लहान गावांतील महाविद्यालये तर पूर्णपणे.

नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोलीची महाविद्यालये दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. या विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी विद्यापीठ नागपूरलाच राहिले. सिरोंच्याहून नागपूर हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. अभ्यासमंडळाच्या एका बैठकीला जायचे, तर येण्याजाण्यात दोन-तीन दिवस मोडत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा स्थितीत दुर्गम भागातील शिक्षक विद्यापीठाच्या निर्णयप्रक्रियेत दिसत नसेल, तर नवल नव्हते.

२७ सप्टेंबर २०११ च्या अधिसूचनेने गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि २ ऑक्टोबर २०११ पासून त्याचे कामकाज सुरू झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. चांद्याच्या गोंड राजवटीचे स्मरण जागवणारे नाव या विद्यापीठाने घेतले. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला अवघी ७४. गोंडी, माडिया, मराठी, तेलुगू, छत्तीसगढी आणि पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगाली, एवढ्या भाषा या एका जिल्ह्यातील घरांत बोलल्या जातात. अशा प्रदेशासाठी वेगळा शैक्षणिक विचार व्हावा, ही नव्या विद्यापीठामागील अपेक्षा होती.

विद्यापीठ जवळ आले, हे खरे. या विद्यापीठाने २०२३ मध्ये गडचिरोलीतील जांभळी या गावी 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम सुरू केला आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी गावातच पदवीचे वर्ग भरवले. नागपुरात बसून अशी कल्पना सुचली असती का, याची शंकाच आहे. परंतु विद्यापीठ जवळ येणे आणि महाविद्यालयातील शिक्षकाच्या हाती निर्णय येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्यातील खुर्च्या

१९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात महाविद्यालयाच्या पातळीवर 'स्थानिक व्यवस्थापन समिती'ची तरतूद होती. तिची जागा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने 'महाविद्यालय विकास समिती'ला दिली. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला आणि या समितीची तरतूद त्याच्या कलम ९७ मध्ये आहे.

समितीची रचना पाहण्याजोगी आहे. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्यांनी नामनिर्देशित केलेले एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक व त्यांत किमान एक महिला, एक निवडून आलेला शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव, आणि सदस्य-सचिव म्हणून प्राचार्य. वर्षातून किमान चार बैठका बंधनकारक आहेत.

समितीची कामेही किरकोळ नाहीत. महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणे, अध्यापनाचा कार्यक्रम आणि वार्षिक दिनदर्शिका ठरवणे, नवे अभ्यासक्रम व वाढीव पदे यांची शिफारस करणे, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचा आढावा घेणे, अंदाजपत्रक मांडणे, हे सारे तिच्याकडे येते. धानकापणी आणि परीक्षापूर्व चाचण्या यांची सांगड घालायची असेल, तर विद्यापीठाच्या वेळापत्रकाच्या मर्यादेत राहून का होईना, विचार करण्याची कायदेशीर जागा हीच आहे. विद्यापीठाच्या पातळीवर अधिसभेत शिक्षकांमधून निवडून येणाऱ्या दहा जागा आहेत. त्याशिवाय विद्या परिषद आणि अभ्यासमंडळे आहेतच. मात्र २०१६ च्या अधिनियमाने पूर्वीच्या निवडणुकांऐवजी अनेक ठिकाणी नामनिर्देशन आणले, अशी शिक्षक संघटनांची तक्रार राहिली आहे.

कागदावर पाहिले, तर शिक्षकाला स्थान आहे. अडचण पुढे सुरू होते.

खुर्च्यांचे अंकगणित

एक साधा हिशेब मांडून पाहू. विकास समितीसाठी एक विभागप्रमुख, तीन निवडून आलेले शिक्षक आणि गुणवत्ता कक्षाचे समन्वयक मिळून प्राचार्यांव्यतिरिक्त पाच शिक्षक लागतात. पन्नास-साठ शिक्षकांच्या महाविद्यालयात पाच जण सहज मिळतात. निवडणुकीत चुरसही होते. परंतु तालुक्याच्या गावी असलेल्या कला महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षकच सहा किंवा सात असले, तर? मग समितीवर जवळपास सगळेच येतात. हेच शिक्षक परीक्षा विभाग पाहतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे घेतात, प्रवेशप्रक्रिया सांभाळतात, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतात आणि नॅकचा अहवालही लिहितात. पूर्णवेळ शिक्षक चारच असले, तर समिती कायद्याप्रमाणे भरणेच शक्य होत नाही. त्यांत एकही महिला नसेल, तर महिलेची जागा रिकामी राहते.

येथे 'पूर्णवेळ' हा शब्द कळीचा आहे. कायद्याच्या दृष्टीने मतदार आणि उमेदवार म्हणून 'शिक्षक' कोण, तर मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक. तासिका तत्त्वावर शिकवणारा अध्यापक या व्याख्येत बसत नाही. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार त्याच्याच खांद्यावर असतो. तो वर्गात दिसतो, उत्तरपत्रिका तपासतो, विद्यार्थ्यांच्या अडचणी त्यालाच ठाऊक असतात. परंतु समितीत त्याला ना मत आहे, ना आसन. सत्र संपले, की त्याची नेमणूकही संपते. पुढल्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांच्या विकास आराखड्यावर संस्थाचालकांसमोर मत मांडावे, ही अपेक्षा तरी कशी करावी?

ही स्थिती या दोन जिल्ह्यांपुरती नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांच्या रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरण्यास परवानगी दिली. याचा अर्थ त्या वेळी रिक्त पदांची संख्या नऊ हजारांच्या घरात होती. ही ३,५८० पदेही पूर्ण भरली गेली नाहीत. उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. दरम्यान तासिका तत्त्वावरील मानधन वाढत गेले आणि २०२३ मध्ये पदवी वर्गांसाठी ते तासाला १,००० रुपये झाले. वाढ स्वागतार्ह होती. मात्र तिने नोकरीची शाश्वती आली नाही आणि निर्णयातील वाटाही आला नाही. शहरातील महाविद्यालयाला रिक्त पदाची झळ बसते. पण जेथे एका विषयाला एकच शिक्षक असतो, तेथे एक पद रिक्त होणे म्हणजे तो विभागच रिक्त होणे होय.

विद्यार्थ्यांच्या जागांची कथाही फारशी वेगळी नाही. २०१६ च्या अधिनियमाने विद्यार्थी परिषदेच्या प्रत्यक्ष निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्यांचे वेळापत्रक जाहीर झाले आणि नंतर ते स्थगित झाले. परिषदच नीट अस्तित्वात येत नसेल, तर तिचे अध्यक्ष आणि सचिव विकास समितीत येणार कोठून? अशा रीतीने शिक्षक आणि विद्यार्थी हे दोन्ही घटक दुबळे झाले, की समितीत उरतो तो संस्थेचा शब्द आणि प्राचार्यांची सही. याचा दोष नेहमीच संस्थाचालकांना देता येणार नाही. आदिवासी भागात पदरमोड करून महाविद्यालये उभी करणाऱ्या संस्थाही आहेत. परंतु हेतू चांगला असला, तरी अभ्यासक्रमाचा निर्णय शिकवणाऱ्याशी चर्चा न करता झाला, तर तो वर्गात गेल्यावर अडखळतो.

नवा विषय सुरू करायचा तर

समजा, एखाद्या महाविद्यालयाला वनव्यवस्थापन किंवा गौण वनोपजाशी संबंधित अभ्यासक्रम सुरू करावासा वाटला. पहिली शिफारस विकास समितीची. मग संस्थेचा ठराव. प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात बसला पाहिजे. अभ्यासक्रम नवा असेल, तर अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद यांची मान्यता हवी. त्यानंतर राज्य शासनाची परवानगी आणि शेवटी संलग्नीकरण. दर्जा राखण्यासाठी यांतील बहुतेक टप्पे आवश्यक आहेत, हे मान्यच करावे लागेल. परंतु या प्रत्येक टप्प्यावर प्रस्ताव लिहिणारा, शंकांना उत्तरे देणारा आणि पाठपुरावा करणारा शिक्षक लागतो. तो नसेल, तर प्रस्ताव पहिल्याच फायलीत विसावतो.

त्यात पैशाचा प्रश्न आहे. २४ नोव्हेंबर २००१ नंतर राज्यात नवी महाविद्यालये आणि अभ्यासक्रम यांना कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. म्हणजे नव्या विषयाच्या शिक्षकाचे वेतन विद्यार्थ्यांच्या शुल्कातून काढायचे. ज्या तालुक्यातील बहुतांश विद्यार्थी शिष्यवृत्तीवर शिकतात, तेथे हे शुल्क किती असू शकेल? परिणामी लहान महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या तेच तीन-चार विषय राहतात. विद्यार्थी विषय निवडत नाही. जो उपलब्ध असतो, तो घेतो.

श्रेयांकांची नवी चौकट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे हा प्रश्न अधिक धारदार झाला. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना २०२४-२५ पासून हे धोरण लागू झाले. प्रत्येक सत्राला साधारणपणे २२ श्रेयांक असतात आणि ते मुख्य विषय, दुय्यम विषय, अन्य विद्याशाखेतील ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय, भाषा व मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांत विभागले जातात. विद्यार्थ्याने निवड करावी, हा या रचनेचा गाभा आहे.

ही रचना वनजिल्ह्यांसाठी एक संधी ठरू शकते. क्षेत्रप्रकल्पात ग्रामसभेचे वनहक्क, बांबूचा हिशेब, धानाच्या स्थानिक जाती, तलावांची परंपरा असे विषय येऊ शकतात. भारतीय ज्ञानप्रणालीत माडिया आणि गोंड समाजाचे वनस्पतिज्ञान येऊ शकते. परंतु निवड देण्यासाठी निवडण्याजोगे काही असावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. तीन वर्षांचे वर्ग एकाच वेळी चालतात आणि वरच्या वर्गांत मुख्य विषयाचे श्रेयांक वाढत जातात. एकट्या शिक्षकाच्या १६ तासांत मुख्य विषय बसवता बसवताच दमछाक होते. मग ऐच्छिक विषय कोणी शिकवायचे? अशा वेळी सोपा मार्ग निवडला जातो. सर्व विद्यार्थ्यांना एकच ऐच्छिक विषय 'निवडायला' सांगितले जाते. गुणपत्रिकेवर निवड दिसते, वर्गात ती नसते.

स्वायत्तता हा उपाय आहे का?

विद्यापीठाची बंधने जाचतात, तर स्वायत्तता घ्यावी, असे सुचवले जाते. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार त्यासाठी महाविद्यालयाला किमान दहा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि सर्वसाधारणपणे नॅकची 'अ' किंवा त्याहून वरची श्रेणी, म्हणजे किमान ३.०१ गुणांक असावा लागतो. स्वायत्त महाविद्यालयाला नियामक मंडळ, विद्या परिषद, प्रत्येक विषयाचे अभ्यासमंडळ आणि वित्त समिती स्थापन करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या, भरभक्कम महाविद्यालयांना हे शक्य होऊ शकेल. चार-सहा शिक्षकांच्या महाविद्यालयाला एक विकास समिती भरताना नाकीनऊ येतात, तेथे विषयवार अभ्यासमंडळे कोठून आणायची? शिवाय नॅकच्या मूल्यांकनात पूर्णवेळ शिक्षकांच्या संख्येला वजन असते. ज्याच्याकडे शिक्षक नाहीत, त्याला स्वायत्ततेच्या दारापर्यंतही पोहोचता येत नाही.

मेंढा गावाची रीत

याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने निर्णय घेण्याची एक रीत देशासमोर ठेवली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवणारे हे देशातील पहिल्या गावांपैकी एक, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार याच ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाशी जोडलेल्या या प्रयोगात दोन गोष्टी ठळक होत्या. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घ्यायचा; आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषयाची मोकळी चर्चा करायची. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारानेही यावे. निर्णय मात्र ग्रामसभेचा.

महाविद्यालय म्हणजे ग्रामसभा नव्हे, हे खरे. तरीही लहान महाविद्यालयांना यातून घेण्याजोगे आहे. विकास समितीत मत कोणाला, हे कायद्याने ठरवले आहे. परंतु बैठकीपूर्वी शिक्षकांची अभ्यासबैठक घेऊ नये आणि तीत तासिका तत्त्वावरील अध्यापकांना बोलावू नये, असे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही. दहा-बारा जणांचा शिक्षकवृंद एका खोलीत बसून पुढल्या वर्षाचे वेळापत्रक, ऐच्छिक विषय आणि क्षेत्रप्रकल्प यांची चर्चा करू शकतो. मोठ्या महाविद्यालयाला हे जमणे कठीण. लहान महाविद्यालयाचा लहानपणा येथे त्याच्या कामी येतो. त्या बैठकीचे इतिवृत्त समितीपुढे ठेवले, की निर्णयाला वर्गाचा आधार मिळतो.

करता येण्याजोगे

यापलीकडे काही गोष्टी विद्यापीठाच्या आणि शासनाच्या हाती आहेत. शेजारच्या तालुक्यांतील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून ऐच्छिक विषय वाटून घ्यावेत, एकाच्या शिक्षकाने दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी व्यवस्था श्रेयांक पद्धतीत बसू शकते. अभ्यासमंडळांवर नामनिर्देशन करताना दुर्गम तालुक्यांतील शिक्षकांचा आवर्जून विचार व्हावा आणि त्यांना दूरदृश्य प्रणालीने बैठकीत भाग घेता यावा. पदमान्यतेसाठी विद्यार्थिसंख्येचा जो निकष मैदानी जिल्ह्यांना लावला जातो, तोच दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहणाऱ्या जिल्ह्याला लावणे कितपत न्याय्य आहे, याचाही विचार व्हावा. आश्रमशाळा आणि आरोग्यकेंद्रे यांच्याबाबत दुर्गम भागाचे वेगळे निकष शासनाने मान्य केले आहेत. महाविद्यालयांच्या बाबतीत तसे करण्यास अडचण असू नये.

मात्र हे सारे उपाय मूळ गोष्टीला पर्याय ठरू शकत नाहीत. पूर्णवेळ पदे भरली गेल्याशिवाय शिक्षकांचा शैक्षणिक कारभारातील सहभाग ही केवळ तरतूद राहील. रिक्त पदाची चर्चा आपण सहसा 'तास होत नाहीत' एवढ्यापुरतीच करतो. त्या पदाबरोबर विकास समितीतील एक मत, अभ्यासमंडळावरील एक संभाव्य सदस्य आणि नव्या विषयाचा प्रस्ताव लिहिणारा एक हातही रिक्त होतो, हे ध्यानात येत नाही. मोहफुलांच्या हंगामात वर्गात कोण नसते आणि का नसते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वेळापत्रकाच्या चर्चेत मत असावे, एवढीच ही मागणी आहे. कायद्याने ती २०१७ मध्येच मान्य केली आहे. आता प्रश्न आहे तो नेमणुकीच्या आदेशांचा.